सगळा कोड एकीने लिहिला, मार्क चौघांना

पत्र:

"ताई, मी कॉलेजात कंप्युटर सायन्स शिकवते, हे माझं तिसरं वर्ष. या सेमिस्टरला ६४ मुलं आहेत, चौघाचौघांचे १६ ग्रुप केलेत आणि १२ आठवड्यांत प्रत्येक ग्रुपने एक सॉफ्टवेअर बनवायचंय. सहा आठवडे झाले. परवा सगळ्यांचा कोड उघडून बसले तर निम्म्याहून जास्त ग्रुपमध्ये एकच जण काम करतोय. एका ग्रुपमधली मुलगी येऊन रडली, म्हणाली मॅडम पुढच्या वेळी मला एकटीला करू द्या. दुसऱ्या ग्रुपने लेखी अर्ज दिलाय की अमुक मुलाला आमच्यातून काढा. एक ग्रुप इतका मागे आहे की त्यात दुसरीकडचा हुशार मुलगा टाकावा असं वाटतंय. शिवाय एआयकडून लिहून घेतात ते वेगळंच. ग्रुप प्रोजेक्ट बंद करून सगळ्यांना वैयक्तिक असाइनमेंट द्यावी का? – तुमची एक दमलेली वाचक"

उत्तर:

अगं, आधी एक सांगते, बंद करू नकोस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक विद्यार्थिनी आठवली. अफाट हुशार. चौघांचा प्रोजेक्ट तिने एकटीने ओढला, शेवटच्या आठवड्यात रात्र रात्र जागून, आणि मी सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाल्यावर भेटायला आली तेव्हा म्हणाली, मॅडम मला कोड लिहिता येतो पण दुसऱ्याचा कोड वाचता येत नाही, कोणी माझ्या कोडवर कमेंट टाकली की रात्रभर झोप लागत नाही, आणि कामातला एखादा भाग दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की मी गुपचूप स्वतःच करून टाकते. तिच्या ग्रुपमधले बाकीचे तिघं काही शिकले नाहीत हे मला तेव्हाही कळत होतं, पण तीही शिकली नव्हती आणि ते मला दिसलंच नाही, उलट मी शाबासकी दिली. त्याचं वाईट आजही वाटतं.

म्हणून तू वैयक्तिक असाइनमेंट दिलीस तर काय होईल ते बघ. तुझ्याकडे येऊन रडलेल्या मुलीला जे आधीच येतं तेच ती परत करेल. चार जणांनी एकाच कोडमध्ये हात घालायचा, एकमेकांचं मोडायचं नाही, मोडलं तर सांगायचं, न पटलं तर भांडण न करता बोलायचं, हे शिकायला तिच्याकडे हा एकच विषय आहे. बाकीचे सगळे पेपर एकट्याचे असतात.

आता असं का होतं? आपण पहिल्या आठवड्यात विषय देतो, शेवटच्या आठवड्यात सबमिशन घेतो, आणि मधल्या काळात मुलं आपोआप टीम होतील अशी आशा करतो. मार्क जातात ते शेवटच्या रात्री जे उभं राहिलं त्याला. मग ज्याला भीती जास्त तो काम करतो आणि ज्याला भीती कमी तो वाट बघतो, यात नवल काय. फ्रान्समध्ये रिंगलमान नावाचा शेती अभियंता होता, त्याने दोर ओढायचे प्रयोग केले आणि १९१३ साली छापले, त्यात दिसलं की माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. लोक याला सरसकट आळस म्हणतात पण त्यातला बराच भाग एकाच वेळी एकाच दिशेला ओढायला न जमण्याचा असतो. पुढे १९७९ च्या सुमारास अमेरिकेत टाळ्या वाजवायचे आणि ओरडायचे प्रयोग झाले, गटात प्रत्येकाचा आवाज कमी निघतो हे तिथेही दिसलं, आणि त्यानंतरच्या प्रयोगांत हेही दिसलं की माझा आवाज वेगळा मोजला जातोय हे माणसाला कळलं की ढिलाई कमी होते. तुझ्या वर्गाला दोन्ही लागू पडतं. एकत्र ओढायला शिकवायचं आणि प्रत्येकाचा जोर दिसेल अशी सोय करायची. नुसतं दुसरं केलंस तर पहारेकरी होशील, नुसतं पहिलं केलंस तर भाषण होईल.

सहा आठवडे हातात आहेत, ते पुरेसे आहेत, घाबरू नकोस.

सगळ्यात आधी कामाची वाटणी बघ. मी पैज लावते की बहुतेक ग्रुपमध्ये एक जण बॅकएंड म्हणजे पडद्यामागचा कोड, एक फ्रंटएंड म्हणजे दिसणाऱ्या स्क्रीन, एक डेटाबेस म्हणजे माहिती साठवायची टेबलं, आणि एक जण "डॉक्युमेंटेशन आणि पीपीटी" अशी वाटणी असेल. हा चौथा माणूस म्हणजे खरं तर सुट्टीवर पाठवलेला माणूस, आणि डेटाबेसवाला दुसऱ्या आठवड्यात टेबलं बनवून मोकळा झालेला असतो. फ्रंटएंडवाला म्हणतो बॅकएंड तयार नाही, बॅकएंडवाला म्हणतो स्क्रीन कुठेय, आणि शेवटच्या रात्री सगळं एकत्र जोडायला बसतात तेव्हा काहीच जुळत नाही, मग ज्याला सगळं येतं तो पुन्हा सगळं लिहितो. मेल्विन कॉनवे नावाच्या प्रोग्रामरने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं एकमेकांशी जशी बोलतात तसाच त्यांनी बनवलेल्या सिस्टिमचा आकार होतो. न बोलणाऱ्या चौघांचं सॉफ्टवेअर चार न जुळणाऱ्या तुकड्यांचंच होणार.

त्याऐवजी उभी वाटणी करायला लाव. समजा लॅबमधली उपकरणं बुक करायचं ॲप आहे. एकाने बुकिंग करणं घ्यायचं, एकीने बुकिंग रद्द करणं, तिसऱ्याने उशिरा परत आलेल्या वस्तूची आठवण पाठवणं, चौथीने महिन्याचा हिशोब दाखवणं, आणि प्रत्येकाने आपापला तुकडा स्क्रीनपासून टेबलापर्यंत स्वतः करायचा. म्हणजे प्रत्येकाला थोडं फ्रंटएंड थोडं बॅकएंड करावंच लागतं, आणि मुख्य म्हणजे चौघांचा हात एकाच टेबलाला लागतो त्यामुळे बोलल्याशिवाय पान हलत नाही. मुलं कुरकुर करतील, मला सीएसएस म्हणजे स्क्रीन सजवायची भाषा येत नाही म्हणतील. येईल म्हणावं, शेजारचा शिकवेल.

आणि पहिलं काम सगळ्या ग्रुपना एकच दे. एक बटण, ते दाबलं की डेटाबेसमध्ये एक ओळ पडली पाहिजे आणि परत स्क्रीनवर दिसली पाहिजे, चौघांच्याही मशीनवर. बाकी काही नको. लॉगिन नको, रंगरंगोटी नको. सहाव्या आठवड्यात हे मागायला तुला उशीर झाल्यासारखं वाटेल पण मागच, कारण कित्येक ग्रुपमध्ये तो प्रोजेक्ट फक्त एकाच लॅपटॉपवर चालत असतो आणि बाकीच्या तिघांनी तो स्वतःच्या मशीनवर कधी उघडलेलाच नसतो, लाज वाटते म्हणून सांगतही नाहीत. नंतर ग्रुपांची अदलाबदल कर, एका ग्रुपने दुसऱ्याची रीडमी फाइल, म्हणजे प्रोजेक्ट कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल, वाचून १५ मिनिटांत त्यांचं सॉफ्टवेअर चालू करून दाखवायचं. कोणाची रीडमी कच्ची आहे ते तुला तपासावं लागत नाही, मुलंच ओरडून सांगतात.

गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून सगळ्यांचं काम एकत्र जोडणारं साधन, शिकवलंयस का? म्हणजे खरंच बसून? आपण गृहीत धरतो की येत असेल, आणि मुलं झिप फाइल एकमेकांना पाठवत बसतात, फायनल, फायनल२, खरंच फायनल. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्सच्या कर्नलसाठी, जिथे जगभरातली हजारो माणसं एकमेकांना न भेटता एकाच कोडवर काम करतात, म्हणजे साधन मुळातच एकत्र काम करण्यासाठी आहे आणि आपली मुलं ते शेवटच्या दिवशी अपलोड करण्यापुरतं वापरतात. एक पूर्ण लॅब यासाठी काढ आणि त्या लॅबमध्ये मुद्दाम भांडण लाव. दोघांनी एकाच फाइलमधली एकच ओळ वेगवेगळी बदलायची आणि दोघांनी ती सामायिक कोडमध्ये ढकलायची. मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांत जोडता येईनात, की मुलं पॅनिक होतात, कोणी फोल्डरच डिलीट करून नव्याने क्लोन करतो म्हणजे सगळं परत उतरवून घेतो, कोणी समोरच्याचं काम पुसून स्वतःचं ठेवतो. तू शेजारी उभी असताना हे एकदा होऊ दे. दोघांनी एका स्क्रीनसमोर बसून ठरवायचं की कुठली ओळ राहील आणि का. माझ्या अनुभवात त्या एका तासानंतर ग्रुपमधली अर्धी भीती जाते, आणि "मी काही केलं तर त्याचं बिघडेल म्हणून मी हातच लावला नाही" हे कारण पण जातं. हे कारण खोटं नसतं बरं का, बरीच मुलं खरंच त्याच भीतीने गप्प बसलेली असतात.

मग मेन ब्रँचला, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडला, कुलूप. कोणीही थेट ढकलायचं नाही, पुल रिक्वेस्ट म्हणजे "माझा बदल जोडून घ्या" अशी विनंती टाकायची आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या एकाने वाचून ओके दिल्याशिवाय मर्ज नाही, ही सेटिंग करायला दहा मिनिटं लागतात. पण रिव्ह्यू कसा करायचा हे शिकवावं लागतं नाहीतर सगळे "मस्त" लिहून अंगठा देतात. मी सांगते की कमीत कमी एक प्रश्न विचारायचाच, आणि प्रश्न कोडबद्दल हवा, माणसाबद्दल नको. "हे असं का केलंस" यापेक्षा "यादी रिकामी असली तर इथे काय होईल" हे विचारलं की समोरचा चिडत नाही, विचार करायला लागतो. आणि पुल रिक्वेस्ट लहान हवी, दीडदोनशे ओळींच्या वर गेली की कोणी मनापासून वाचत नाही, मोठी माणसं पण वाचत नाहीत.

आठवड्याची भेट हा सगळ्याचा कणा आहे, त्यावर सगळ्यात जास्त जीव लाव. प्रत्येक ग्रुपला दहा मिनिटं. १६ ग्रुप म्हणजे १६० मिनिटं, दोन लॅबमध्ये आठ आठ ग्रुप बसवलेस की होतं. या दहा मिनिटांत पीपीटी नाही, चालू सॉफ्टवेअर. आणि कोण दाखवणार हे तिथल्या तिथे चिठ्ठी काढून ठरवायचं, आधी सांगायचं नाही. ज्याची चिठ्ठी आली त्याने ग्रुपमध्ये त्या आठवड्यात काय झालं ते दाखवायचं, स्वतःने केलेलं नसलं तरी. पहिल्या वेळी तीन चार ग्रुप गडबडतील. रागावू नकोस, फक्त म्हण पुढच्या आठवड्यात परत चिठ्ठी आहे. बघ मग काय होतं, तोपर्यंत एकटी काम करणारी मुलगीच बाकीच्यांना पकडून समजवायला लागते, कारण आता त्यांना न समजणं हे तिचंही नुकसान असतं. शेवटी तीनच प्रश्न विचारायचे, काय झालं, काय अडलंय, पुढच्या भेटीपर्यंत कोण काय करणार, आणि उत्तरं मुलांनीच प्रोजेक्टच्या कामांच्या यादीत इश्यू म्हणून नावानिशी लिहायची. तू लिहू नकोस.

मार्कांचं. विभागाची परवानगी लागत असेल तर घे, आणि मुलांना बदल लेखी दे, कारण सेमिस्टरच्या मध्यात नियम बदलले की त्यांना ते अन्यायाचं वाटतं, आणि न सांगता बदलले तर तो असतोही. माझी वाटणी साधारण अशी असते की १०० पैकी ४० तयार सॉफ्टवेअरला, ३० दर आठवड्याच्या कामाला म्हणजे भेटी, रिव्ह्यू, टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड वगैरे, आणि ३० प्रत्येकाच्या वैयक्तिक व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला. व्हायवात मी ज्याचा त्याचा कोड विचारत नाही, शेजारच्याचा विचारते, आणि एक छोटा बदल समोर बसून करायला लावते. तुझ्या एआयच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे गं. कोड कुठून आला हे शोधत बसलीस तर वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही. वापरा म्हणावं, पण मर्ज करायच्या आधी ग्रुपमधल्या दुसऱ्या एकाला ओळ न् ओळ समजावता आली पाहिजे आणि समोर बदलता आली पाहिजे. ज्याला समजलंय तो पाच मिनिटांत बदलतो, ज्याला नाही तो तिथेच अडकतो, आणि हे दोघांनाही आधीच माहीत असलं की तयारी वेगळी होते.

मुलांनी एकमेकांना मार्क द्यायची पद्धत वापर पण जपून. ग्रुपला ७० मिळाले आणि एखादीचं योगदान सगळ्यांच्या मते जास्त होतं तर तिचा गुणक १.१ म्हणजे ७७, एखाद्याचा ०.८ म्हणजे ५६, असा साधा हिशोब. गुणकाला वर खाली मर्यादा ठेव नाहीतर मुलं सूड उगवतात. हे गुप्त असू दे, आणि प्रत्येक आकड्यामागे एक तरी घडलेली गोष्ट लिहायला लाव, "मदत केली नाही" चालणार नाही, "आठव्या आठवड्यात टेस्ट लिहीन म्हणाला आणि काही न सांगता आलाच नाही" चालेल. मैत्रीखातर सगळ्यांना सारखे मार्क देणारे ग्रुप असतातच, तिथे तुला तुझ्या आठवड्याच्या नोंदी कामी येतात. आणि एक फेरी आत्ता घे, मार्क न देता, फक्त ज्याचं त्याला दाखवायला. शेवटी एकदाच घेतलीस तर ती नुसती तक्रारवही होते, सुधारायला वेळच उरत नाही.

गिटमधले कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, मोजून मार्क देऊ नकोस, कृपा करून. मोजायला लागलीस की दुसऱ्या दिवसापासून एक एक स्पेस बदलून कमिट पडायला लागतात. दोघं एका लॅपटॉपवर बसून लिहितात तेव्हा नाव एकाचंच जातं, कमिटच्या मेसेजमध्ये सोबतच्याचं नाव को-ऑथर म्हणून टाकायची सोय आहे ती त्यांना शिकव. तीन दिवस विचार करून चाळीस ओळी काढून टाकणाऱ्या मुलाने कदाचित त्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं काम केलेलं असतं. लॉग बघ जरूर, पण प्रश्न विचारायला बघ, निकाल द्यायला नको.

आता त्या मुलाचा अर्ज. त्याला बोलावलंस का? एकट्याला? काम न करणारं मूल दिसायला एकच असतं पण कारणं फार वेगळी असतात. एखाद्याला येत नसतं आणि विचारायची लाज वाटते. एखाद्याच्या घरी काहीतरी मोठं चालू असतं. आणि एक प्रकार मी खूप वेळा बघितलाय, पोराने लिहिलेलं ग्रुपमधल्या हुशार मुलाने रात्रीत पुसून पुन्हा लिहिलं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा त्याने लिहिलंच नाही. त्याच्या ब्रँच म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या प्रती बघ, मर्ज न झालेलं काही पडलंय का बघ. हे सगळं बघून खरंच तो करतच नसेल तर काढायची वाट असू दे, पण पायऱ्यांनी, आधी ग्रुपने लेखी सांगायचं काय हवंय आणि कधीपर्यंत, तुला एक प्रत, मग दोन आठवडे, मग निर्णय. उलटी वाट पण ठेव, ज्याच्यावर सगळे ओझं टाकतात त्यालाही त्याच पायऱ्यांनी ग्रुप सोडता आला पाहिजे. ओकली, फेल्डर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ग्रुपची टीम कशी करायची यावर लिहिलं त्यात हे दोन्ही मार्ग आहेत. माझ्याकडे या वाटेने शेवटपर्यंत जाणारे फार थोडे निघाले, वाट आहे हे कळलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

मागे पडलेल्या ग्रुपमध्ये हुशार मुलगा टाकू नकोस, अजिबात. फ्रेड ब्रुक्सने आयबीएममध्ये ओएस ३६० या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं आणि त्या अनुभवातून १९७५ मध्ये मांडलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर अजून वाढतो. नव्याला समजवायला जुन्यांचा वेळ जातो, आणि बोलण्याच्या जोड्या वाढतात, चौघांत ६ जोड्या असतात, पाचव्याला घेतलं की १०. शिवाय तो मुलगा ज्या ग्रुपमधून उचलशील तो ग्रुप पण लंगडा होईल. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर बस आणि काम कापा. समजा आठ फीचर लिहिलेत, तर त्यातले तीन ठेवा, पण ती तीन नीट चालली पाहिजेत, टेस्टसकट. काय सोडायचं हे ठरवणं हेही त्यांनी शिकायलाच हवं, आणि कापल्याबद्दल मार्क कापू नकोस.

पुढच्या वेळी ग्रुप तू पाड, मित्रामित्रांचे नको. मोकळा वेळ जुळतो का ते आधी विचारून घे, हुशारीपेक्षा त्यानेच जास्त फरक पडतो. आणि चौघांत एकटीच मुलगी असं सुरुवातीला तरी करू नकोस, मी बघितलंय, तिच्याकडे रिपोर्ट लिहायचं काम येतं आणि ती हळूहळू कोडपासून लांब जाते.

राहिली ती रडलेली मुलगी. तिला एकटीला करू देऊ नकोस, पण तिला एकटी सोडूही नकोस. तिला बोलाव आणि सांग की सगळं तू केलंयस हे मला दिसलंय, कारण तिला आधी हेच ऐकायचं असतं. मग पुढचे दोन आठवडे तिने नवा कोड लिहायचा नाही असं ठरव तिच्याशी, फक्त बाकीच्या तिघांच्या पुल रिक्वेस्ट वाचायच्या आणि त्यांच्या शेजारी बसायचं, कीबोर्ड त्यांच्या हातात. तिला खूप त्रास होईल, हात शिवशिवतील, तिघं हळू करतील, चुकतील. तिचे मार्क या काळात त्या तिघांच्या मर्ज झालेल्या कामाला आणि तिने लिहिलेल्या रिव्ह्यूंना जोड, आणि हे तिला आधी सांग. सोमवारची पहिली भेट त्यांच्याच ग्रुपची ठेव, म्हणजे तिला आठवडाभर वाट बघावी लागणार नाही. कसं झालं ते मला लिही, खरंच लिही, मी वाट बघतेय.